मार्टिनचा झगा आणि माझी दुहेरी शिवण

वेसेलराट,
१७ नोव्हेंबर, रविवार

प्रिय लेनीवन्सं,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा, गुडघे परवानगी देतात तितकं वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या बंधुराजांचा खोकला ठरल्या वेळी आला आणि डॉक्टरचं नाव काढताच ठरल्याप्रमाणे गेला. तुमच्या डाव्या डोळ्याचं कसं काय? थेंब टाकता ना वेळेवर? हाम्बुर्गची हवा मानवली का? गेऑर्ग आणि सूनबाई नीट जेवायला घालतात ना? (सूनबाई बटाटे सालासकट वाढतात असं तुम्ही मागे लिहिलं होतं. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. थेओला सांगितलं, पण नवरा कुणात धरायचा!) तुमचं कार्ड पोचलं. यंदा संत मार्टिनच्या मिरवणुकीला आला नाहीत ते नाहीतच, पण आता नाताळाआधीच्या आडव्हेंटलाही येणार नाही म्हणता. चार तास आगगाडीत पाय आखडतात, आणि झगासुद्धा दुसऱ्याच्या हाती दिल्यावर गावात तुमचं काम तरी काय उरलंय, असं लिहिलंत. ते वाचून मी कार्ड बरणीमागे ठेवून दिलं आणि तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. राग आला म्हणून नव्हे. त्या झग्याबद्दलच तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं आणि ते कुठून सुरू करावं तेच कळेना.

तुमच्याकडेही मुलं कंदील घेऊन निघतात, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. पण पुढे घोडा नाही, घोड्यावर संत नाही, शेकोटी नाही. नुसतीच पोरं कंदील हलवत जातात आणि घरी परत येतात. म्हणजे वरात आहे आणि नवरदेवाचा पत्ता नाही! असो, हाम्बुर्गच्या लोकांना कोण शिकवणार. आपल्या गावात यंदा तीनशेच्या वर कंदील होते. बालवाडीत दरवर्षीप्रमाणे साळिंदर, चंद्र आणि अळंबी करायची ठरली होती, पण मोठ्या गटातल्या मुलांनी संप केला आणि त्यांना माती खणायचं यंत्र करायला परवानगी मिळाली. त्यामुळे यंदा मिरवणुकीत पिवळ्या कागदाची अकरा यंत्रं होती आणि त्यांचे सोंडेसारखे हात पुढच्या मुलीच्या वेणीत अडकत होते. दिवे सगळे बॅटरीचे. थेओच्या मते बॅटरीचा कंदील म्हणजे कंदीलच नव्हे, ज्याला मुळात पेटायची भीतीच नाही त्याला जपून धरायला मूल शिकणार कसं? (ह्यांच्या लहानपणी ह्यांनी लागोपाठ तीन वर्षं स्वतःचा कंदील जाळला आणि चौथ्या वर्षी तुमचा, हे तुम्हीच मला सांगितलं आहे.)

तर झगा. गावातून कुणी ना कुणी तुम्हाला फोन केला असणारच, आणि तिखटमीठ लावून केला असणार, म्हणून आता खरं काय झालं ते माझ्या तोंडून ऐका. ऑगस्टमध्ये सामान बांधताना तुम्ही झगा माझ्या हाती दिलात. तीस वर्षं सांभाळलेली वस्तू. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं. (माझ्यात अर्धं डांबराच्या गोळ्यांमुळे, पण अर्धं खरं होतं.) सोबत चिठ्ठी होती. झगा धुवायचा नाही. मखमलीवर इस्त्री फिरवायची नाही. दोन दिवस आधी बाहेर काढून वाऱ्यावर टांगायचा. मांजरीपासून दूर ठेवायचा. बस, एवढंच. मधल्या शिवणीबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नव्हतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते माझ्या कामाला येणार आहे.

ऑक्टोबरात एका दुपारी मी झगा टेबलावर पसरला. वन्सं, काय पाहते, तर पाठीच्या बरोबर मधोमध वरपासून खालपर्यंत झगा उसवलेला आणि पांढऱ्या दोऱ्याने बोटबोटभर लांब कच्चे टाके घालून कसाबसा जोडलेला! लाल मखमलीवर पांढरा दोरा! मनात आलं, बिचाऱ्या वन्संचा डोळा इतका गेला आणि कुणाला बोलल्या नाहीत. खरं सांगते, कीव आली. त्याहून खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. शेहेचाळीस वर्षं माझ्या प्रत्येक शिवणीत तुम्ही खोट काढलीत, आमच्या दिवाणखान्याचा पडदा डावीकडे अर्धा बोट आखूड आहे हे प्रत्येक पाहुण्याला दाखवलंत, आणि आता हे असले टाके! म्हटलं, फिनी, बोलायचं नाही. गुपचूप नीट करायचं. वन्संची अब्रू ती आपली अब्रू.

मी तीस वर्षं सोफ्यांच्या खोळी शिवल्या आहेत, हे तुम्ही जाणताच. माझ्या शिवणीवर माणसं बसली, उठली, लोळली, एकाने तर सोफ्यासकट जिन्यावरून गडगडून पाहिलं. शिवण गेली नाही. तुमचे टाके उसवले, कडा एकमेकींत दुमडल्या, आणि सोफ्याच्या मेणदोऱ्याने मशीनवर दुहेरी शिवण मारली. मग आणखी एकदा, मनाच्या समाधानासाठी. थेओला एक टोक धरायला लावलं, दुसरं मी धरलं आणि ओढलं. थेओ खुर्चीवरून पडला, पण शिवण जागची हलली नाही. ह्यांनी पडल्या जागेवरूनच ‘छान झालंय’ असं सांगितलं आणि वर्तमानपत्र उचललं. कशासाठी ओढतो आहोत, हे ह्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावा. पण आधी माझी बाजू ऐका. मार्टिन घोड्यावरून येतो, थंडीने कुडकुडणारा भिकारी बघतो, तलवारीने झगा मधोमध कापतो आणि अर्धा त्याला देतो, हे मला ठाऊक नाही का? जन्मापासून ठाऊक आहे. पण मी पडले नदीपलीकडची (ही गोष्टही तुम्ही मला विसरू दिलेली नाही), आणि आमच्या गावचा मार्टिन दुसरा तुकडा आधीच खोगिराखाली दडवून ठेवायचा. तलवार नुसती हवेत फिरवायची, तुकडा काढायचा, द्यायचा. आमचा झगा अखंड असायचा. इथे लग्न होऊन आले त्याच वर्षी मला शाळेच्या स्वयंपाकघरात कोकोवर बसवलं, ते गेल्या वर्षीपर्यंत. मैदानावर झगा फाटत असताना मी एकदाही तिथे नव्हते, वन्सं. मला ते फक्त ऐकू यायचं. आधी थेओचा ढोल, मग गप्प, मग तीनशे पोरांचा एकदम ‘हाऽऽ’, की मी पातेल्याखालचा जाळ बारीक करायची आणि पेले मांडायची. झगा कसा फाटतो हे कोकोचं पातेलं सोडून बघायला जावं असं मला कधी कुणी सुचवलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. आणि थेओ ढोलासकट सगळ्यांच्या मागे, त्यामुळे ह्यांना बावन्न वर्षांत पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसली आहे.

यंदा मी झगेवाली. कोको दुसऱ्यांकडे. नवी टोपी घातली, आणि पहिल्या रांगेत, दोरीला लागून, बालवाडीतल्या मुलांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तुम्हाला सांगते, मिरवणूक समोरून येताना मी कधी पाहिलीच नव्हती. चर्चच्या गल्लीतून आधी लोट्टे घोडीच्या टापा, मग रॉल्फ, हातात लगाम, खांद्यावर तो लाल झगा, मागे बँड आणि मागे नुसता हलता उजेड, कमरेच्या उंचीचा. पोरं गात होती आणि प्रत्येकजण वेगळ्या ओळीवर होता. मला रडू आलं. शेजारच्या बाईने विचारलं, धूर गेला का डोळ्यांत? शेकोटी अजून पेटायची होती, पण मी हो म्हटलं.

रॉल्फला तुम्ही ओळखता. कौलं शाकारतो, अंगाने दांडगा, स्वभावाने गाय. सहा वर्षं तोच मार्टिन होतो आहे. आणि भिकारी म्हणजे आपला नावाडी माथेस, अंगात गोणपाट, गवतावर गुडघे टेकून. गोणपाटाच्या आत तो तीन गंज्या घालतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण कुडकुडतो इतका झकास, की दरवर्षी दोन-चार मुलं रडतात. शेकोटी पेटली, घोडी थांबली, ढोल वाजला. रॉल्फने तलवार उपसली, झगा पुढे ओढून घेतला, आणि डाव्या हाताने मध्यावर चाचपू लागला. चाचपतोय, चाचपतोय. मला वाटलं, हा खोगिराखालचा तुकडा इथे का शोधतोय? मग त्याने दोन्ही मुठींत झगा धरून कचकन ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. आणि त्या क्षणी, वन्सं, तुमचे ते बोटबोटभर पांढरे टाके माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि ते कशासाठी होते ते कळलं.

पुढचं सांगताना लाज वाटते. रॉल्फने तलवार चालवून पाहिली. तलवार पत्र्याची, तिने लोणी कापलं तरी नवल. बँडने तेच कडवं पुन्हा घेतलं. रॉल्फने दातांनी ओढलं. माथेसला वाटलं आपण मदत करावी, म्हणून त्याने खालून टोक धरलं आणि लोंबकळला. आता वर संत आणि खाली भिकारी अशी रस्सीखेच सुरू झाली. लोट्टे दोन पावलं मागे सरली आणि माथेस गुडघ्यांवरच गवतातून फरफटत गेला. बँडने कडवं तिसऱ्यांदा घेतलं, जरा घाईने. ‘अहो, तो कुणी शिवलाय?’ असं मागून एक बाप्या ओरडला. दुसरा म्हणाला, ‘पलीकडचीनं!’ मी नवी टोपी काढून पिशवीत घातली. तीनशे कंदील जागच्या जागी, एकही हलेना. मला मोठ्यांचं काही वाटलं नाही, वन्सं. बोलणारे बोलतात. पण ती पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. एक माणूस थंडीने काकडतोय आणि संताला त्याला झगा देता येत नाहीये, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि ते माझ्या मेणदोऱ्यामुळे. दोरीखालून पुढे जावं, गुडघे टेकावे आणि दातांनी शिवण उसवावी, असं मनात आलं. पण माझे पुढचे दात कसले आहेत ते तुम्ही जाणता.

तेवढ्यात माझ्या कमरेजवळून आवाज आला. आमच्या समोरच्या घरातली एलिफ, साडेचार वर्षांची, हातात साळिंदराचा कंदील. तिने पाय आपटला आणि जिवाच्या आकांताने ओरडली, ‘अरे, सगळाच दे ना त्याला! तुझ्याकडे घरी जाकीट असेल!’

रॉल्फ थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माथेसकडे, मग हातातल्या तलवारीकडे. तोवर दुसऱ्या मुलाने ‘सगळा दे!’ म्हटलं, मग तिसऱ्याने, आणि मग सगळं मैदानच ‘सगळा! सगळा!’ करायला लागलं, कंदील वरखाली, पिवळी यंत्रं एकमेकांत गुंतलेली. रॉल्फने तलवार म्यान केली. गळ्याचा आकडा काढला आणि अख्खा झगा उचलून माथेसच्या अंगावर टाकला, असा की माथेस डोक्यापासून पायापर्यंत आत गेला आणि काही वेळ भिकारी दिसेचना, नुसता लाल ढीग. मग ढिगातून आधी हात बाहेर आला, मग माथेसचं नाक. वन्सं, तेव्हा जो ‘हाऽऽ’ झाला तसा मी स्वयंपाकघरातून शेहेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

फक्त एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. झग्याच्या आत रॉल्फ कामावरचा स्वेटशर्ट घालून आला होता, कारण दरवर्षी अर्धा झगा त्याच्या अंगावर राहतो आणि आतलं काही दिसत नाही. आता संत मार्टिन शेकोटीभोवती मानाची फेरी घालत होते आणि त्यांच्या पाठीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘छप्पर गळतंय? रॉल्फला बोलवा!’ आणि खाली फोन नंबर. म्हणतात की त्याला दुसऱ्या दिवशी दोन कामं मिळाली. बिचाऱ्याला सर्दी मात्र झाली.

मी कोकोला न थांबता मागच्या वाटेने घरी पळाले आणि दिवे मालवून बसले. पण त्या रात्री दिवे मालवून चालतं का? सातच्या आत घरोघर खाऊ मागत फिरणारी पोरं दारात, कंदील आणि खाऊच्या पिशव्या घेऊन. आधी नेहमीचं गाणं म्हटलं. दार उघडलं नाही तेव्हा कवडीचुंबकांसाठी असतं ते गाणं सुरू केलं, तेही आख्खं. उघडावंच लागलं. सगळ्यांत पुढे एलिफ. चॉकलेट घेतलं, पिशवीत टाकलं, आणि गंभीरपणे मला म्हणाली, ‘आजी, त्या काकांना आता रात्रभर थंडी नाही ना वाजणार?’ मी म्हटलं, नाही गं बाळा, शिवण पक्की आहे. ती गेल्यावर मी दिवे लावले आणि थेओसाठी अंडी केली. खोटं कशाला बोलू, मला छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गावात दोन तट पडले. म्हाताऱ्यांचं म्हणणं, परंपरा मोडली. तरुण आयांचं म्हणणं, किती गोड झालं. फादरना विचारलं तर ते म्हणाले, अर्धा देण्यातच खरी मेख आहे, कारण जो सगळं देऊन मोकळा होतो त्याला उद्या दुसऱ्या कुणीतरी पांघरूण घालावं लागतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, हे आपलं व्यासपीठावरचं बोलणं. पण बुधवारी बालवाडीच्या युट्टाबाईंचा मला फोन. ‘फिनीबाई, तुम्ही काय करून ठेवलंत याची कल्पना आहे का?’ सात मुलं जाकिटाशिवाय घरी गेली होती. एकाने दोन्ही बूट देऊन टाकले. एकीने डबा, डब्यातला केक आणि डब्याची पिशवी. एका मुलाने धाकटा भाऊ देऊ केला, पण तो कुणी घेतला नाही. आणि मुश्कील अशी की ज्याला जाकीट मिळालं तोही लगेच ते पुढच्याला देत होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणाचं काय कुणाकडे आहे ते परमेश्वरालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी गावातल्या आयांना फादरचं म्हणणं पटलं. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं लागली आहेत. सगळ्यांत झगा अख्खा आहे, आणि एकात घोड्यावरच्या माणसाच्या पाठीवर फोन नंबरही आहे.

हे सगळं मी हसत सोसलं असतं, पण आता खरं संकट ऐका. झगा माझ्याकडे नाही. तो माथेसकडे आहे. दरवर्षी तो दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे यायचा, अर्धा झगा परत द्यायला, आणि अलुबुखारच्या केकचे दोन तुकडे खात दोन तास बसायचा. (अर्ध्या झग्याला दोन तास म्हणजे अख्ख्याला चार धरा. थेओ म्हणतो मला यात पडायचं कारण नाही. मी पडत नाही, नुसतं धरून चालते.) यंदा त्याने झगा घालून बेकरीत जाताना लोकांनी पाहिलं. मी निरोप धाडला तर उलट निरोप आला. म्हणे, तीनशे मुलांसमक्ष मला अख्खा दिलाय, दिलेलं परत मागतात का? आणि परत करायचाच तर ज्यांनी तीस वर्षं सांभाळला त्यांच्याच हातात देईन; पलीकडचीच्या हातात पुन्हा दिला तर ती गळाही शिवून टाकेल. आता यावर मी काय बोलणार? मिरवणुकीच्या समितीचे लोक येऊन झगा दाखवा म्हणाले तर मी काय दाखवू? तेव्हा वन्सं, हे एक काम तुमच्यावाचून होणारं नाही. आडव्हेंटच्या पहिल्या रविवारी मी हंस भाजणार आहे, सोबत लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे (सोललेल्या बटाट्यांचे). शुक्रवारी दुपारची गाडी धरलीत तर रात्रीच्या जेवणाला घरी. पाय आखडले तर डब्यात फेऱ्या मारा, गेऑर्गला सांगून बाजूची जागा घ्यायला लावा. वरच्या खोलीत तुमची जुनी गादी घातली आहे. मांजरीला सांगून ठेवलं आहे.

गेऑर्गला आणि सूनबाईंना आशीर्वाद. डोळ्यात थेंब टाका. तुमच्या बंधुराजांना लिहा म्हटलं तर ते म्हणाले, तू पुरेसं लिहिलंयस.

तुमची, चुकली तरी तुमचीच,
फिनी

ता. क. येताना चिमटीत टिचकन बसतात ती टिचबटणं आणा, मोठी, एक डझन. इकडच्या दुकानात फक्त बाळाच्या अंगड्याची मिळतात. मला आता कळलं की पूर्वी झग्याला तीच होती, आणि ती गंजून गळल्यावर तुम्ही दरवर्षी कच्चे टाके घालू लागलात. तुमचा डोळा गेला असं मी मनात आणलं याबद्दल क्षमा असावी. पडद्याबद्दल मात्र मी अजूनही म्हणते, तो आखूड नाही, जमीन उतरती आहे.

ता. ता. क. थेओने पत्र वाचलं. ह्यांनी असं करायला नको होतं, पण पाकीट चिकटवायला ह्यांच्याच हाती दिलं होतं. ह्यांचं म्हणणं, थोरल्या बहिणीला असं खोटं लिहून गाडीत बसवणं बरं नव्हे, एकतर खरं लिही नाहीतर पत्र टाकणार नाही. तर खरं लिहिते. झगा माझ्याकडेच आहे. माथेसने तो मंगळवारी सकाळीच आणून दिला, घडी करून, गवत झटकून. बेकरीपर्यंत अंगात घालून गेला होता हे खरं, पण तो माझ्याकडेच निघाला होता आणि वाटेत त्याला पाव घ्यायचे होते. तो निरोपबिरोप मीच रचला. शिवण मी अजून उसवलेली नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण हात होत नाही.

ता. ता. ता. क. झगा आणून दिला तेव्हा माथेस दारातच उभा होता, आत या म्हटलं तर आला नाही. टोपी हातात घेऊन त्याने एवढंच विचारलं, लेनीबाई आडव्हेंटला येतात ना? त्याचा चेहरा बघून मी हो म्हणून बसले, शुक्रवारची गाडीसुद्धा सांगितली. तो स्टेशनवर येणार आहे. वन्सं, या पत्रातली बाकीचं खोटं तसंच राहिलं तरी चालेल, पण तेवढं एक तुम्ही खरं करा.